भरे गावची बेकरी

आमच्याकडे येणारी मंडळी बहुतेक वेळा रुमाल तयार ठेवूनच गाडीतून उतरतात. बेघर माणसांसोबत काम करणारी बाई म्हणजे ती काहीतरी काळजाला हात घालणारं सांगणार, आपण डोळे टिपणार आणि हलक्या मनाने पुण्याला परत जाणार, असा त्यांचा अंदाज असतो. मी बोलायला लागते आणि त्यांची पंचाईत होते. हसावं की हसू नये? एक बाई तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही जरा सिरियस व्हा ना, मी मैत्रिणींना घेऊन आलेय."

काय करणार! सहा खोल्यांत वेगवेगळ्या रस्त्यांवरून आलेली माणसं राहतात आणि रोज काही ना काही करून ठेवतात. स्वयंपाकघरात कॅरीबॅग साठतात ना, तसे किस्से साठतात. एक ओढायला जावं तर मागोमाग दहा बाहेर येतात.

मी आधी पिरंगुटच्या एका कंपनीचं कँटीन सांभाळायचे. उरलेलं जेवण बसस्टॉपवरच्या, पुलाखालच्या माणसांना नेऊन द्यायचे. रोज गेल्याने ओळख झाली, आणि ओळखीच्या माणसाला पुलाखाली ठेवून आपण घरी येऊन पंखा लावणं जड जायला लागलं. म्हणून नोकरी सोडली आणि भरे गावात खोल्या भाड्याने घेतल्या. सोबतीला बबन. तो आमची गाडी चालवतो. धनगराचा मुलगा, वडील अजून मेंढरं घेऊन हिंडतात. खोल्या तात्यांच्या. तात्यांनी रस्त्याकडेची जमीन विकली, मागच्या तुकड्यावर बंगला बांधला आणि बंगल्याशेजारी भाड्याच्या खोल्यांची ओळ काढली.

त्या खोल्या मिळाल्या कशा, तिथूनच सुरुवात करते.

* * *

तात्यांशी माझं पहिलं बोलणं फोनवर झालं. आमच्याकडे डोंगराची एक कूस ओलांडली की रेंज जाते, त्यामुळे अर्धं बोलणं वाऱ्यावर. मी स्पष्ट सांगितलं, "तात्या, बेघर माणसांसाठी खोल्या हव्यात."

तात्या म्हणाले, चालंल की. कामाला सकाळी लवकर लागणार का, असं विचारलं. मी म्हटलं, हो, आमचा दिवस पहाटेच सुरू होतो. मग त्यांनी जरा काळजीने विचारलं, "धूर न्हाई ना व्हनार?"

मी म्हटलं, "छे हो, आम्ही विडीसुद्धा ओढू देत नाही."

मला वाटलं, किती समजूतदार माणूस! बाकीचे घरमालक 'बेघर' शब्द ऐकला की फोन ठेवत होते. अकरा महिन्यांचा करार झाला, आम्ही सामान लावलं. दोन दिवसांनी तात्यांची बायको, शांताकाकू, हातात पिशवी घेऊन दारात उभी. म्हणाली, "ताजा पाव निघाला का?"

तात्यांनी 'बेकर' ऐकलं होतं! भट्टी लागणार, घराला बारा महिने पाव-खारी, पै-पाहुण्यांत रुबाब, असं सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. गावभर सांगूनही झालं होतं. खरं काय ते कळल्यावर तात्या टोपी हातात घेऊन ओट्यावर बसले. मग म्हणाले, "आता शबूद दिलाय. अकरा म्हैनं काढा. फुडलं फुडं बगू."

आजही भरे गावात आमचा पत्ता विचारलात तर कुणी सांगू शकणार नाही. बेकरी कुठं आहे विचारा, लहान पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल.

* * *

आमच्या पहिल्या रहिवासी गोदाबाई. महाळुंग्याला मोठमोठे टॉवर उभे राहतायत, त्यातल्या एकाच्या सेल्स ऑफिसबाहेर, भल्यामोठ्या बोर्डाच्या सावलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. बोर्डावर स्विमिंग पूल, खाली गोदाबाईंची चूल.

बबन आणि मी त्यांना आणायला गेलो. बबनने अगदी मऊ आवाजात सांगितलं की मावशी, राहायला खोली आहे, चला. आम्हाला वाटलं होतं, बाई एकतर रडेल नाहीतर शिव्या देईल.

गोदाबाईंनी तोंडातली मिसरी थुंकली आणि विचारलं, "कार्पेट किती हाय?"

बबन माझ्याकडे बघायला लागला. तो समजला सतरंजीबद्दल. म्हणाला, "सतरंजी हाय मावशी, चटईबी हाय."

"चटई न्हवं रं. कार्पेट येगळं, बिल्टप येगळं. आन पझेशन कवा?"

झालं असं होतं, की ऑफिसातली नवी सेल्समन पोरं गिऱ्हाईक यायच्या आधी गोदाबाईंसमोर भाषणाची प्रॅक्टिस करायची. पाऊस असो, ऊन असो, रोज कुणीतरी त्यांना घर विकत होतं! एवढी घरं ऐकल्यावर बाई पहिल्या भेटीत हो कशी म्हणेल? व्हेंटिलेशन, पाणी, शेजार, सगळी चौकशी झाली. शेवटी म्हणाल्या, विचार करून सांगते.

मग आठवडाभर आम्ही त्यांच्या मागे. दर वेळी त्या एखादी खोट काढायच्या. एका सकाळी मात्र बोचकं बांधून तयार बसलेल्या दिसल्या. बबनने विचारलं, मावशी, कसं काय ठरलं? म्हणाल्या, "आदी सँपल फ्लॅट बघते. न्हाई आवाडला तर माघारी आनून सोडायचं."

अजून त्यांच्या लेखी त्या सँपल फ्लॅटच बघतायत.

* * *

वर्षानुवर्षं उघड्यावर झोपलेल्या माणसाला खोलीत झोप येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गोदाबाई म्हणायच्या, स्लॅब अंगावर येतो. आमचे दास, ओडिशातून कामाला आले आणि ठेकेदार पळाल्यावर पिरंगुटच्या मार्केटमध्ये राहिले, ते दार लावलं की घामाघूम व्हायचे. पाच-सहा जणांची पथारी अंगणात.

तात्या हैराण. "खोल्या भाड्यानं घेतल्या आन समदी अंगनात! मंग खोल्या कशाला?"

त्यांना समजावलं ते बबनने. त्याने सांगितलं की त्याच्या वडिलांना मोठ्या भावाने पक्कं घर बांधून दिलं, कॉट आणली, गादी आणली. म्हातारा मेंढरांबरोबर हिंडून घरी आला की कॉट पाहतो, तिच्यावर काठी आणि घोंगडी ठेवतो आणि स्वतः पडवीत झोपतो. तात्यांना ते पटलं नाही, पण बोलणं बंद झालं.

मग मे महिना तापला. गावात लाईट जायला लागली. एका सकाळी शांताकाकू दुधाची किटली घेऊन नवऱ्याला शोधत आल्या. आमच्या अंगणात ओळीने पथाऱ्या. दासांच्या शेजारी, डोक्यापर्यंत चादर ओढून, तात्या! बंगल्यात जीव उकडला म्हणून वाऱ्याला येऊन पडले होते, ते पडलेच.

काकू कडाडल्या, "अवो, तुमास्नी घरदार हाय का न्हाई?"

तात्या उठायच्या आधी गोदाबाई उठून बसल्या. आम्ही नव्या माणसाला जे विचारतो ते त्यांनी रोज ऐकलेलं. अगदी मायेनं म्हणाल्या, "पत्ता आठवत आसंल तर सांगा तात्या. गाडी हाय, नेऊन सोडतो."

* * *

शांताकाकू आणि गोदाबाई यांचं पहिल्यापासून जमत नव्हतं, आणि कारण होतं झाडू. गोदाबाईंना पहाटे उठून समोर दिसेल ते झाडायची सवय. सेल्स ऑफिससमोरचा रस्ता त्या झाडायच्या म्हणून वॉचमन त्यांना बसू द्यायचा. इथे त्या काकूंचं अंगण झाडायला लागल्या.

काकूंना तो अपमान वाटला. माझं अंगण घाण आहे असं बाईला म्हणायचंय, असं त्यांनी मला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी काकू लवकर उठल्या. तिसऱ्या दिवशी गोदाबाई त्याहून लवकर. हे चढत गेलं. कोंबडा आरवायच्या आधी दोन बायका एकाच अंगणात, एक पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून, मधोमध भेटायच्या आणि एकमेकींकडे न बघता माघारी वळायच्या.

शेवटी तात्यांनी हात जोडले. "बास करा आता. मुरूम वर आला. आनखी झाडलं तर पानी लागंल."

त्या दिवसापासून झाडायची पाळी बांधून दिली. पण उठायची सवय मोडेना, म्हणून दोघी पायरीवर बसून चहा प्यायला लागल्या. आम्ही बाकीचे उठेपर्यंत गावातल्या प्रत्येक सुनेचं मूल्यमापन झालेलं असतं.

* * *

आमच्याकडे एक 'सर' आहेत. ते खरंच सर होते की नाही, देव जाणे. पिरंगुटच्या बसस्टॉपवर सापडले तेव्हाही शर्टाची वरची गुंडी लावलेली आणि शर्ट खोचलेला होता. स्वतःबद्दल काही सांगत नाहीत. कुणीही समोर आलं की "बसा" म्हणतात, म्हणून सर.

थंडीत एक जोडपं आलं, हिंजवडीला नोकरी करणारं. मुलाचा वाढदिवस होता. ब्लँकेट, केळी, केक, सगळं घेऊन आले. मी आत चहा टाकत होते. दारात सर होते. सर म्हणाले, "बसा." पाहुणे बसले. सरांनी प्रवासाची चौकशी केली, मुलाला कितवीत आहेस विचारलं, पाढे म्हणून घेतले. जोडप्याने ओळखलं की हेच संस्थेचे अध्यक्ष. शाल-श्रीफळ आणलं होतं, ते सरांना दिलं. सरांनीही नाही म्हटलं नाही. उलट उभं राहून दोन शब्द बोलले, आणि चांगले बोलले.

तेवढ्यात गाडीखालून बबन बाहेर आला. ऑइल बदलत होता. दाढी वाढलेली, कपडे काळेकुट्ट, केसांत गवत. बाईंचा जीव कळवळला. त्यांनी त्याच्या हातात केळी दिली, खांद्यावर ब्लँकेट टाकलं आणि मुलाला म्हणाल्या, "काकांना हॅपी करायचं हं." बबनने ते पोर एवढं समोर उभं आहे म्हणून केळं खाल्लं. फोटो निघाला.

फोटो फिरत फिरत बबनच्या सासुरवाडीच्या ग्रुपवर गेला. सासऱ्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विकणारं. त्यांचा फोन आला, "जावाय, थंडी वाजत व्हती तर आमाला सांगायचं की!"

सरांना मी नंतर म्हटलं, तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं? सर म्हणाले, "त्यांनी विचारलं नाही. फार दिवसांनी कुणी माझ्या बोलण्यावर टाळ्या वाजवल्या."



* * *

अकरा महिने संपत आले आणि हसणं जरा अवघड झालं. तात्या एके दिवशी पायरीवर येऊन बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, की यात्रेच्या आत खोल्या मोकळ्या करा. चैत्रात गावची यात्रा असते. बहिणी, भाचे, जावई सगळे येणार, उतरायला जागा लागणार. शिवाय कंपनीवाली पोरं भाड्याला तयार आहेत. भावकीतही कुजबुज होती, की ही रस्त्यावरची माणसं किती दिवस गावात ठेवायची.

मी पिरंगुट पालथं घातलं, पौडला जाऊन आले. सगळीकडे माझं बोलणं संपायच्या आत "विचार करून सांगतो" असं उत्तर यायचं. बबन म्हणाला, "ताई, अवंदा आपनच बेकर म्हना." मोह झाला, खोटं कशाला सांगू!

शेवटी शहरात तीन ठिकाणी थोडी थोडी सोय झाली. सर एकीकडे, दास दुसरीकडे, गोदाबाई तिसरीकडे. छप्पर सगळ्यांना मिळणार होतं, पण एकत्र कुणीच नाही. ही माणसं वर्षभरात एकमेकांच्या जेवणातलं मीठ ओळखायला लागली होती, आणि मी त्यांना पुन्हा अनोळखी माणसांत नेऊन टाकणार होते. मला त्या दिवसांत जेवण गोड लागत नव्हतं.

एक दास मात्र खुशीत. बॅग भरून, नवा सदरा घालून बसलेले. मी विचारलं तर म्हणाले, "तात्याजी ने बोला ना, यात्रा है। कहाँ लेके जा रहे हैं हमको?"

हिंदीतली यात्रा आणि भऱ्याची यात्रा यातला फरक त्यांना समजावून सांगायचं काम मी बबनवर सोपवलं. बबनने ते सरांवर सोपवलं. सर दासांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "बसा."

* * *

टेम्पो ठरला तो नेमका यात्रेच्या दिवशीचा. आधी मिळालाच नाही, कारण सगळे टेम्पो यात्रेच्या सामानाला लागलेले.

आमच्याकडे यात्रेला कुणाच्या दारात किती पाहुणे आले यावर त्या घराची इज्जत ठरते. सकाळपासून गावात गाड्या येत होत्या. तात्यांनी बोकड कापला होता, चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं, काकू आणि शेजारच्या बायका भाकऱ्या थापत होत्या. तात्या नवा फेटा बांधून फाटकात उभे. आमची माणसं बोचकी बांधून अंगणात बसलेली, टेम्पोत अर्धं सामान चढलेलं.

दुपार झाली. तात्यांच्या दारात एकही गाडी नाही. बहिणी आल्याच नाहीत. काकूंनी मला हळूच सांगितलं, रस्त्याकडेची जमीन विकताना बहिणींकडून हक्कसोडीवर सह्या घेतल्या होत्या. त्यांनी सह्या निमूट दिल्या, आणि राग आत्ता काढला. तात्यांनी एकीला फोन लावला, दुसरीला लावला. मग फोन खिशात टाकून रस्त्याकडे बघत राहिले. समोरच्या घरी मांडव भरलेला, पंगतींवर पंगती उठत होत्या. तिथून कुणीतरी मुद्दाम ओरडून विचारलं, "तात्या, पाव्हणं निघालं का न्हाई अजून?"

तात्यांचा चेहरा मला बघवेना. आम्हाला घालवणारा माणूस, पण वाईट वाटलंच.

काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसले आणि सरळ आमच्या माणसांना म्हणाल्या, "उटा. यात्रंच्या दिशी माझ्या दारातनं कोन उपाशी जायाचं न्हाई."

आमची सगळी ओळ बंगल्याच्या अंगणात पंगतीला बसली. पहिला घास सरला आणि तात्या हळूहळू जागे झाले. फेटा सावरला, रश्श्याची बादली स्वतः उचलली. दासांना आग्रह, सरांना आग्रह, गोदाबाईंना भाकरीवर भाकरी. रस्त्याने जाणारे वाकून बघत होते. मघाचाच आवाज पुन्हा आला, "तात्या, लई पाव्हणं दिसत्यात की!"

तात्या पातेल्यातून मान वर न काढता म्हणाले, "व्हय."

जेवणं झाली. हात धुतले, पान-सुपारी फिरली. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. काकूंनी गोदाबाईंच्या ओंजळीत खण ठेवला आणि आत निघून गेल्या, बाहेर आल्याच नाहीत. गोदाबाईंनी बोचकं उचललं, पदर डोक्यावर घेतला आणि फाटकाशी तात्यांसमोर उभ्या राहिल्या. समोरचा मांडव बघतच होता.

"येतो बरं का तात्या," गोदाबाई म्हणाल्या.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. पाहुणा 'येतो' म्हणाला की यजमानाने एक वाक्य म्हणायचंच असतं. मग तो पाहुणा कितीही नकोसा असो, त्याचं बोचकं तुम्हीच बांधून दिलेलं असो. त्यावर पाहुण्याने 'नको, घरी गुरं हायेत' असं म्हणून चपला घालायच्या असतात. दोन्ही बाजूंना हे तोंडपाठ. ते वाक्य ऐकून खरोखर थांबलेला पाहुणा गावात कुणी पाहिलेला नाही.

तात्यांनी आयुष्यभर म्हटलेलं ते वाक्य त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं. "आँ, येवड्यात कुटं निगालाव? ऱ्हावा की दोन दिस!"

गोदाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग बोचकं खाली ठेवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. आणि टेम्पोकडे वळून, समोरच्या मांडवातही ऐकू जाईल अशा आवाजात बबनला हाक मारली.

"बबन, सामान उतरीव रं. तात्या काय सोडंनात."